सहा ते वीस

मंगळवारी आणि शुक्रवारी, साडेसातच्या एसटीनं
मी धरणगावहून जळगावला जाते.
पायात चपला, पिशवीत बूट.
गल्लीतून बूट घालून निघायची लाज वाटते अजून,
म्हणून स्टँडवरच्या बाकावर बसून घालते,
नातवाचे जुने, निळ्या नाड्यांचे.
वाकताना श्वास सोडायचा, धरायचा नाही.
हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं,
एकसष्ट वर्षं वाकत होते.

दवाखान्याच्या मागं पूर्वी कँटीन होतं, ती खोली.
दुपारी ऊन तापलं की भिंतीतून अजून फोडणी येते.
दोन पट्टे आहेत चालायचे,
एक सायकल, कुठंच न जाणारी.
पिंजारी चाचा म्हणतात,
एवढ्यात मी पाचोऱ्याला जाऊन चहा पिऊन आलो असतो.

भिंतीवर तक्ता : किती दमलात? सहा ते वीस.
एकपासून का नाही, मी विचारलं.
रुखसाना तडवी, यावलकडची पोरगी,
माझ्या मनगटावर तिची दोन बोटं,
म्हणाली, मावशी, सहाला शून्य लावा.
नुसतं बसलेल्या माणसाचंही काळीज
मिनिटाला साठदा बोलतंच ना.

मला आवडलं ते. शून्यापासून कुणीच सुरू करत नाही.

संक्रांतीनंतर छाती उघडली, तारेनं शिवली.
तार आत आहे हे कळल्यावर नातवानं
फ्रिजवरचा लोहचुंबक आणून लावून पाहिला.
चिकटला नाही.
आम्ही दोघंही जरा नाराज झालो.

फॉर्मवर एक रकाना होता :
पुन्हा काय करता यायला हवं?
चाचांनी लिहवलं, घराच्या एकवीस पायऱ्या, न थांबता.
भुसावळचे फुलपगारे, चौतीस वर्षं इंजिन चालवलेले,
त्यांनी लिहिलं, काही नाही.
त्यांच्या बायकोनं खाली बारीक अक्षरात जोडलं,
चिडणं कमी व्हावं.
मी म्हटलं, मांडे.

पोळपाट नाही, लाटणं नाही.
पुरणाचा उंडा या हातावरून त्या हातावर,
मग मनगटावर, मग कोपरापर्यंत,
झुलत, पसरत, पलीकडचं दिसेल इतका पातळ,
आणि फाटायच्या आत पालथ्या खापरावर.
त्यात छातीचं काम किती, हे मला
छाती कापल्यावर कळलं.

रुखसानानं हसून घेतलं नाही.
टॉवेल ओला केला, पिळला, माझ्या हातांवर टाकला.
झुलवा, म्हणाली. खांद्याच्या वर नाही.
फुलपगारे पट्ट्यावरून ओरडले,
बाई, मांडा करपला!
त्या दिवशी ते पहिल्यांदा हसले,
आणि तक्त्याकडं न बघता म्हणाले, अकरा.

गेले तीन शुक्रवार ते आलेले नाहीत.
फोन वाजतो, कुणी उचलत नाही.
त्यांच्या कागदाला सुतळीनं बांधलेलं पेन
पंख्याच्या वाऱ्यानं हलतं.
चाचा विचारत नाहीत, मीही नाही.
रुखसाना रोज त्यांच्या पट्ट्याची मूठ पुसते,
आमच्या मुठींसारखीच.

आखाजीला पहाटे पाचला चूल पेटवली,
ऊन चढायच्या आत, अंगणात.
तीनच करा, बसून करा, असा हुकूम होता.
गोळी घेतली, बूटही घातले,
चुलीपुढं, बुटात. शेजारीण बघत राहिली.

पहिला फाटला. पुरण कोपरावरून ओघळलं,
भाजलं नाही, गार होतं.
दुसरा हातावर टाकला,
दोन्ही हात हळूहळू लांब नेले,
छातीतली तार ओढली जाते असं वाटलं,
तुटली नाही. श्वास धरला नाही.
मांड्यातून पलीकडचा जाळ दिसला.
खापरावर तो पडला तेव्हा मी जोरात म्हणाले,
तेरा!

हर्षालीनं फुंकणी खाली ठेवली,
माझ्याकडं पाहिलं, परातीकडं पाहिलं.
आत्याबाई, तेरा कशाना?
मांडा ते दोनच व्हयनात.